आकड्याला औषध देऊ नका, त्यामागचा निरोप वाचा

तुमच्या हातात सीबीसीचा रिपोर्ट आहे. एका आकड्याखाली लॅबवाल्याने जाड रेघ मारली आहे आणि शेजारी बाण आहे, वर किंवा खाली. लॅबच्या पायऱ्या उतरता उतरता तुम्ही तो रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकता आणि दवाखान्यात येईपर्यंत तुमचे निदान ठरलेले असते.

मग माझ्यासमोर बसून तुम्ही तीनपैकी एक वाक्य बोलता.

"डॉक्टर, काउंट लई वाढलंय की ओ, एखादं भारी अँटिबायोटिक लिहा."

"पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, वाढवायची सुई द्या."

"पोरगं सारखं आजारी पडतंय, इम्युनिटी वाढवायचं टॉनिक द्या."

ही तीन मागण्या वेगळ्या वाटतात, पण चूक एकच आहे. पांढऱ्या पेशींचा आकडा म्हणजे टाकीतले पाणी, कमी झाले की भरायचे आणि जास्त झाले की उपसायचे, अशी ही समजूत. ही समजूत तुमच्या खिशाला आणि कधीकधी जिवालाही महाग पडते. आणि ती पसरवण्यात आम्हा डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, हे आधीच कबूल करतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत १३,००० चा काउंट बघून, रुग्णाच्या छातीला नीट स्टेथोस्कोप न लावता, मीही अँटिबायोटिक लिहिलेले आहे. त्यामुळे हा लेख तुमच्याइतकाच मलाही उद्देशून आहे.

पेशी स्वतःहून वाढत नाहीत

पांढऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. त्यातल्या न्यूट्रोफिल या एकाच प्रकारच्या पेशी निरोगी माणसात रोज साधारण १०,००० कोटी तयार होतात. रक्तात आल्यावर त्या दिवसभरही फिरत नाहीत. काही तासांत त्या ऊतींमध्ये जातात, काम करतात आणि संपतात. म्हणजे हा कारखाना रात्रंदिवस चालू आहे.

पण किती माल काढायचा आणि कोणता, हे कारखाना स्वतः ठरवत नाही. एकच मूळ पेशी न्यूट्रोफिल होऊ शकते, लिम्फोसाइट होऊ शकते, इओसिनोफिल किंवा मोनोसाइटही होऊ शकते. एकाच सुतापासून चादर विणायची की टॉवेल, हे जसे ऑर्डर बघून ठरते, तसेच इथे आहे. शरीरातल्या या ऑर्डरच्या चिठ्ठ्या म्हणजे सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने. जी-सीएसएफ हे प्रथिन सांगते, न्यूट्रोफिल काढा. इंटरल्यूकिन-५ सांगते, इओसिनोफिल काढा. इंटरल्यूकिन-७ शिवाय टी-लिम्फोसाइट घडतच नाहीत.

हे कळायला बराच काळ गेला. १९६० च्या दशकात मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ आणि इस्रायलमध्ये लिओ सॅक्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे अस्थिमज्जेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून पाहिल्या. दुसऱ्या पेशींकडून काहीतरी मिळाल्याशिवाय त्या वाढत नव्हत्या. हे "काहीतरी" शोधायला पुढची वीस वर्षे लागली. १९८६ मध्ये माणसाच्या जी-सीएसएफचे जनुक हाती आले आणि १९९१ मध्ये अमेरिकेत त्याचे इंजेक्शन मंजूर झाले. आज भारतातल्या कंपन्याही ते बनवतात.

आता समजा, फुप्फुसात जिवाणू शिरले. तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही प्रथिने सोडतात. हा निरोप मेंदूपर्यंत गेला की ताप येतो. यकृतापर्यंत गेला की सीआरपी वाढते. आणि त्याच निरोपामुळे जी-सीएसएफ तयार होऊन अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल बाहेर पडतात. म्हणजे ताप, सीआरपी आणि काउंट हे तीन वेगळे आजार नाहीत. एकाच निरोपाच्या त्या तीन प्रती आहेत. तुम्ही मात्र तिन्हींसाठी तीन वेगळी औषधे मागता.

लॅब फक्त रस्त्यावरची माणसे मोजते

गिरणीचा भोंगा सोलापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांनी आजोबांकडून त्याच्याबद्दल ऐकले आहे. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जायचा. आता कोणी त्या क्षणी रस्त्यावरची माणसे मोजली आणि म्हणाला, "गावात कामगार फार झालेत, कमी करा," तर त्याला तुम्ही काय म्हणाल?

सीबीसी नेमके हेच मोजते. त्या क्षणी रक्ताच्या प्रवाहात असलेल्या पेशी. त्याखेरीज बऱ्याच न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात, जणू टपरीवर चहा पिणारे कामगार. त्याहून कितीतरी जास्त अस्थिमज्जेत राखीव असतात, म्हणजे घरी झोपलेली पुढची पाळी. ४,००० ते ११,००० ही जी नेहमीची मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते, ती फक्त रस्त्यावरच्या माणसांची.

म्हणून धावत जिना चढून आलात, खूप घाबरलात, रोज सिगारेट ओढत असाल, गरोदर असाल, तरी आकडा वाढतो. यातल्या एकातही अँटिबायोटिकचे काम नाही.

आणि एक कारण आपल्या भागात दर आठवड्याला दिसते. अंगदुखीसाठी, गुडघ्यासाठी, दम्यासाठी कुणीतरी "एक सुई आणि पुडी" देतो. त्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड टपरीवरच्या सगळ्यांना उठवून रस्त्यावर आणते आणि राखीव पाळीलाही घराबाहेर काढते. काउंट १५,००० च्या पुढे जातो. पण त्याच औषधामुळे या पेशी रस्ता सोडून कामाच्या जागी जायला कचरतात. रस्त्यावर गर्दी आणि मागावर कोणी नाही, अशी अवस्था.

पुढे काय होते ते ओळखा. वाढलेला काउंट पाहून अँटिबायोटिक सुरू होते. दोन दिवसांनी पुन्हा तपासणी, काउंट तसाच, कारण पुडी चालूच आहे. मग "हे लागू पडलं नाही" म्हणून त्याहून भारी अँटिबायोटिक, मग सलाईन, मग ॲडमिट. जो आजार नव्हता त्याच्यावर हजारो रुपये खर्च होतात, आणि ज्या जंतूंशी पुढे कधीतरी खरी लढाई होणार त्यांना आपण आजच औषध ओळखायला शिकवतो.

म्हणून माझी पहिली विनंती. रिपोर्ट दाखवताना गेल्या पंधरा दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी, पुडी आणि सुई सांगा. लाजू नका. मात्र स्टेरॉइड महिनोन्महिने घेत असाल तर हे वाचून ते स्वतःहून एकदम बंद करू नका. तेही धोक्याचे असते, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

कमी झालेला आकडा म्हणजे हार नव्हे

पावसाळा संपत आला की दुसरी घबराट सुरू होते. डेंग्यूचा ताप, पांढऱ्या पेशी २,५००, आणि सगळे घर चिंतेत.

विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते. विषाणूला अडवण्याचे काम तीच करतात. पण त्यांच्यामुळे आणि डेंग्यूच्या विषाणूमुळे अस्थिमज्जेतले काम काही दिवस मंदावते. म्हणजे आकडा पडतो तेव्हा शरीर लढत असते. बहुतेक रुग्णांत तापाचे दिवस सरले की पांढऱ्या पेशी आपोआप वर येतात, बऱ्याचदा प्लेटलेटच्याही आधी. तुम्ही त्या दिवसांत घेतलेल्या पपईच्या पानाच्या रसाला, महागड्या गोळीला किंवा सुईला मग त्याचे श्रेय मिळते. सूर्य उगवणारच होता, श्रेय आरवणाऱ्या कोंबड्याला.

साध्या डेंग्यूत पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या सुईचे काम नाही. स्टेरॉइडचेही नाही. डेंग्यूत माणूस दगावतो तो रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्याने आणि रक्तस्रावाने. पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणून पेशींचा आकडा रोज ग्रुपवर टाकण्यापेक्षा हे बघा: पोटात सतत दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते का, लघवी कमी झाली का, रुग्ण सुस्त पडला आहे का. ताप उतरतानाचे दिवस सगळ्यात जपायचे. "ताप गेला, बरा झाला" म्हणून नेमके तेव्हाच आपण बेफिकीर होतो. तापाला पॅरासिटामॉल पुरे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

"इम्युनिटी वाढवा" म्हणजे नेमके काय वाढवा?

तिसरी मागणी सगळ्यात लाडकी, कारण तिच्यावर मोठा बाजार उभा आहे. मी अशा टॉनिकच्या प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतो: कोणता निरोप वाढवता? इंटरल्यूकिन-५ वाढवता? मग इओसिनोफिल वाढतील आणि दमेकऱ्याचा दमा उसळेल. इंटरल्यूकिन-६ वाढवता? टीएनएफ वाढवता? संधिवाताच्या रुग्णांना हीच प्रथिने अडवणारी महागडी इंजेक्शने आम्ही देतो. उत्तर कधी येत नाही.

२०२० आणि २०२१ आठवा. घराघरांत प्रतिकारशक्ती वाढवायला काढे उकळत होते. त्याच वेळी दवाखान्यांतल्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती आवरण्याची धडपड चालू होती. इंटरल्यूकिन-६ चा निरोप अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याच औषधाचा फायदा झाला नाही, उलट त्या गटात मृत्यूचे प्रमाण थोडे जास्तच दिसले. औषध तेच, विषाणू तोच. फरक एवढाच की कोणाच्या शरीरात कोणता निरोप किती जोरात चालू होता. आणि स्टेरॉइडचा अंदाधुंद वापर आणि बेताल साखर यांची जोड मिळाली तेव्हा काय झाले, ते २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने काळ्या बुरशीच्या वॉर्डांत पाहिले.

"अहो, पण झाडपाल्याने तोटा तरी काय?" हा तुमचा पुढचा प्रश्न. मुंबईतल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा दिसते तशी होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हेही सांगतो. ६ रुग्णांवरून गुळवेल विष ठरत नाही, मीही तसे म्हणत नाही. पण "फायदा नाही तर तोटाही नाही" हे वाक्य मात्र खोटे ठरते. जी गोष्ट शरीरात काही करू शकते, ती चुकीचेही काही करू शकते.

याहून मोठा तोटा वेगळाच आहे. टॉनिकच्या बाटल्यांत वेळ जातो. काही बाळांमध्ये जन्मतःच निरोप घेणारी यंत्रणा बिघडलेली असते. इंटरल्यूकिनचा निरोप येतो, पण पेशीवर तो घेणारा दरवाजाच नसतो. मग टी-लिम्फोसाइट घडत नाहीत. अशा बाळाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, तोंडात पांढरी बुरशी येते, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. त्याच्या सीबीसीत लिम्फोसाइट १,५०० असतात आणि रिपोर्टवर लाल रेघ नसते, कारण छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते. तान्ह्या बाळात हा आकडा ३,००० च्या खाली असेल तर तो नीट तपासावाच लागतो.

यातले काही बिघाड आई आणि वडील या दोघांकडून आले तरच होतात, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांत तशी शक्यता वाढते. आपल्या सीमाभागात मामा-भाचीचे लग्न नवे नाही. म्हणून अशा घरात आधी एखादे मूल लहानपणीच गेले असेल, तर टॉनिक बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना ती गोष्ट स्पष्ट सांगा. अशा आजारांच्या निदानाचे काम मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था करते. वेळेत निदान झाले तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल वाचू शकते. टॉनिकने ते वाचत नाही.

आणि जिथे सुई खरेच हवी, तिथे ती चुकते

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. गावागावांतले रुग्ण केमोथेरपी घेऊन एसटीने घरी परततात. केमोमुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतले कामही थंडावते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत न्यूट्रोफिल सगळ्यात खाली जातात, कधी ५०० च्याही खाली. इथे कारखानाच बंद पडायला आलेला असतो, निरोप मोठ्याने द्यावाच लागतो. म्हणून निवडक रुग्णांना केमोनंतर किमान २४ तासांनी जी-सीएसएफची सुई सुरू करतात. ते औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

आणि नेमका हा रुग्ण सुई चुकवतो. का? "सुईने हाडं दुखतात" म्हणून. दुखतात, कारण अस्थिमज्जा जोरात काम करू लागते. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहे. किंवा सुई आणून ती चाळीस अंशांच्या उन्हात पिशवीतून गावी नेली जाते आणि फळीवर ठेवली जाते. ते प्रथिन आहे, २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. बर्फाच्या थर्मासात न्या, पण गोठवू नका. फ्रीजच्या दारात किंवा फ्रीझरमध्ये नको, मधल्या कप्प्यात ठेवा.

त्याहून घातक चूक रात्री होते. केमो घेतलेल्या माणसाला रात्री ताप येतो. घरचे म्हणतात, "सकाळी बघू." गावातला कुणी पॅरासिटामॉल देतो, ताप उतरतो, सगळे झोपतात. लक्षात ठेवा, या माणसाकडे लढायला पेशीच नाहीत. पू होत नाही, खोकल्यात कफ येत नाही, कारण पू आणि कफ घट्ट करणाऱ्या पेशी त्याच्याकडे उरलेल्या नसतात. ताप ही एकच खूण असते. केमोच्या रुग्णाला १०१ अंश फॅरनहाइट ताप एकदा जरी आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हायला हवे. इथे मात्र मी तुम्हाला सांगतो: अँटिबायोटिक मागा, हट्टाने मागा.

ज्याला गरज नाही त्याला सर्दीसाठी भारी अँटिबायोटिक, आणि ज्याला तासाभरात हवे तो सकाळची वाट बघत पडलेला. आकड्याकडे पाहून औषध देण्याच्या आपल्या सवयीचा हा हिशेब आहे.

मग करायचे काय?

काउंटकडे दुर्लक्ष करा, असे मी म्हणत नाही. आकडा ५०,००० च्या पुढे असेल, रिपोर्टमध्ये "ब्लास्ट" किंवा "अपक्व पेशी" असे लिहिले असेल, आठवड्यांमागून आठवडे आकडा बिघडलेला राहून वजन घटत असेल, हिरड्यांतून रक्त, गाठी किंवा पोटात डाव्या बाजूला जडपणा असेल, तर उशीर न करता रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. रक्ताच्या कर्करोगात पेशी ऑर्डरशिवायच माल काढत सुटतात. कोणाचाही निरोप त्या ऐकत नाहीत.

बाकी वेळी रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. यातली कोणती पेशी वाढली किंवा कमी झाली? ती तशी का झाली असावी? आणि तुम्ही देताय ते औषध त्या कारणासाठी आहे की आकड्यासाठी? तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टर चिडले तर दुसरे मत घ्या. मी चिडलो तर मलाही हा लेख दाखवा.

इओसिनोफिल वाढले असतील तर आधी जंत, ॲलर्जी आणि चालू औषधे बघायची. न्यूट्रोफिल वाढले असतील तर संसर्ग कुठे आहे ते शोधायचे, आणि सापडला नाही तर पुड्यांची चौकशी करायची. पेशी कमी असतील आणि विषाणूचा ताप असेल तर रुग्णावर नजर ठेवायची आणि शरीराला वेळ द्यायचा.

प्रतिकारशक्ती टिकवण्यासाठी जे खरेच उपयोगी आहे, ते बाटलीत मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही. वेळेवर लसी, पोटभर भाकरी-डाळ-शेंगा, पुरेशी झोप, ताब्यातली साखर, आणि तंबाखू-विडीला रामराम.

पुढच्या वेळी रिपोर्टवर लाल रेघ दिसली तर तो ग्रुपवर टाकण्याआधी एक मिनिट थांबा. शरीराने कुणालातरी निरोप पाठवला आहे. तो काय आहे ते आपण दोघे मिळून वाचू. औषध लागले तर ते त्यानंतर.